दमसास

घागर फुंकली की तिच्या पोटातून जो घुमता सूर निघतो, तो आधी छातीत लागतो आणि मग कानांना कळतो. आश्विन शुद्ध अष्टमीच्या रात्री कार्यालयाच्या गार फरशीवर पेंगत पडलेल्या मला तो सूर जमिनीखालून येतोय असं वाटायचं. समोर उकडीच्या मुखवट्याची, भरजरी साडी नेसवलेली महालक्ष्मी, आणि डोळे चुरचुरवणारा धूप. त्या धुरावर घागर पालथी धरायची, ऊब आणि वास तिच्यात भरून घ्यायचा, मग दोन्ही हातांत तिरकी धरून काठाशी ओठ न्यायचे आणि फुंकायचं. आत नव्हे, काठावरून. आत फुंकलं तर घागर नुसती फुसफुसते. काठावरून वारा नेमका सरकला तरच ती बोलते.

आई तेव्हा पन्नाशीला टेकली असेल. एरवी चार माणसांत आवाज न चढवणारी, वाढताना 'आणखी घ्या' हेसुद्धा डोळ्यांनीच म्हणणारी माझी आई त्या रात्री पदर खोचून घागर घ्यायची, पुढे झुलायची, मागे यायची, मधेच गिरकी घ्यायची. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळून नाकाच्या शेंड्याशी यायचं, नुकती लग्नं झालेल्या तरण्या सुना दमून भिंतीला टेकायच्या, तरी तिचा सूर चालूच. श्वास घेण्यापुरता मधे तुटायचा, पण ती फट इतकी बारीक की झोपेत असलेल्या मला कळायचीही नाही. एवढा वारा तिच्यात कुठून यायचा? व्यायाम हा शब्द तिने स्वतःबद्दल कधी उच्चारला नाही. वाड्याच्या चौकातल्या नळावरून वरच्या मजल्यावर पाणी नेणं, वाकून केर-लादी, पाट्यावरचं वाटण, मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येणं, यांतच तो भरला जात असावा. आम्ही लेकी शिकलो, बसून करायच्या नोकऱ्या धरल्या, लिफ्टच्या घरांत राहायला गेलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. पाट्यावर वाटण वाटायची हौस मला नव्हती आणि नाही. पण तो वारा मात्र त्या वाड्यातच राहिला.

मला माझा श्वास ऐकू आला तो जिन्यात. लिफ्ट बंद होती, वय अठ्ठेचाळीस, हातात भाजीची पिशवी, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी जवळ उभं राहून धापा टाकतंय असं वाटून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग सुरू झाल्या लबाड्या. वळणावर थांबून पर्समध्ये किल्ल्या शोधायच्या, चपलेचा बंद नीट असला तरी नीट करायचा, शेजारच्यांच्या दाराशी ठेवलेल्या तुळशीकडे फार जिव्हाळ्याने पाहायचं. गच्चीत वाळवणं घालणं बंद झालं. मैत्रिणींनी सहलीचा बेत काढला की माझा पहिला प्रश्न, 'चढ किती आहे?' आणि दुसरा, 'गाडी वरपर्यंत जाते ना?' माणसाचा आत्मविश्वास म्हणे मोठ्या पराभवांनी खचतो. माझा पायरीपायरीने गळाला, आणि गळताना आवाजही झाला नाही. हळूहळू बोलण्यातही तो उणेपणा उतरला. ऑफिसातल्या बैठकीत मी वाक्यं अर्धी सोडू लागले, फोटोत मागच्या रांगेत जाऊ लागले. शरीर मागे राहू लागलं की मन त्याच्यासाठी थांबतं बहुतेक. एकटं पुढे जात नाही.

आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "पर्वती धरा. पण धावू नका. चढताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढाच वेग." चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, पाळी थांबली की हाडंही भराभर विरळ होतात, आणि दोघांनाही थोडं थोडं वाढतं ओझं दिलं की ती तग धरतात, हे त्यांनी माझ्या वयाच्या किती बायकांना सांगितलं असेल कोण जाणे. मला त्यातलं फक्त 'गाता येऊ नये' एवढंच लक्षात राहिलं.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने त्या लहानपणी पळत चढलेल्या असतात, त्यामुळे त्या सोप्या आहेत अशी समजूत सगळ्यांचीच. रुंद, काळ्या दगडाच्या, मधोमध पावलांनी गुळगुळीत झालेल्या, आणि किंचित उतरत्या. पूर्वी हत्तीही चढत म्हणतात, आणि त्या पायऱ्यांची ऐसपैस ठेवण पाहता ते खरं वाटतं. माणसाच्या पावलाला मात्र त्या अवघड. एका पायरीवर एक पाऊल पुरत नाही, दोन टाकावी लागतात, आणि मग दर वेळी वर उचलला जाणारा पाय तोच. उजवी मांडी भरून येते, डावी रिकामी राहते. नेहमीची माणसं मधेच एक आखूड पाऊल टाकून पाय बदलतात. ती खुबी मला सदऱ्यावर स्वेटर चढवलेल्या एका आजोबांकडे पाहून कळली. ते कधी माझ्याशी बोलले नाहीत.

पहिल्या दिवसांत सगळा डोंगर माझ्या कानांत भरलेला असायचा. पाखरं ओरडत असतील, खाली स्वारगेटकडून गाड्यांची घरघर सुरू झालेली असेल. मला ऐकू येई ती फक्त माझी धाप, कोरडी, शिटीसारखी, घशाच्या मागच्या बाजूला घासत जाणारी. मांड्यांचे स्नायू मोठे, ते कामाला लागले की भरपूर रक्त मागतात आणि सवय नसलेलं हृदय ठोक्यांवर ठोके देत ते पुरवू पाहतं. मी कठड्याला टेकायचे. आणि हात आपोआप पर्सकडे जायचा, किल्ल्या शोधायला. पर्स तर घरीच ठेवलेली.

तिथेच काहीतरी सुटलं. आजूबाजूला सगळेच थांबत होते. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घेऊन हिमालयाची तयारी करणारी पोरंसुद्धा कमरेवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून उभी होती, आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मी पायरीवर सरळ बसले. चांगली ऐसपैस, मांडी घालून. वर जाणाऱ्यांचे बूट माझ्या नाकासमोरून जात राहिले. दगड रात्रीचा गारवा धरून होता, तो पातळात भिनला, आणि मला वाटलं, हे किती सोपं होतं! मला परत मिळालेली पहिली गोष्ट दम नव्हता. उघडपणे थांबण्याची मुभा होती. दम त्याच्या मागून, आपल्या सावकाशीने आला.

बसलं की इतिहास आठवतो, पुण्याच्या दगडांना ती खोडच आहे. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ मध्ये ते पुरं झालं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१ साली इथेच गेले. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने याच टेकडीवरून पाहिली. हे सगळं शाळेत शिकलेलं. पण दम खात बसलेल्या बाईला आठवतं ते १९२९. त्या वर्षी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी मंदिरप्रवेशासाठी इथे सत्याग्रह केला आणि त्यांना मारहाण झाली. मला इथे माझा श्वास थांबवत होता. त्यांना माणसांनी थांबवलं. याच दगडांवर. मग आपल्या धापेचं कौतुक करून घ्यायला जरा संकोच वाटतो, आणि उठून पुढच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

उतरणं सोपं, हा आणखी एक गैरसमज. चढ श्वास घेतो, उतार मांड्या घेतो. उतरताना स्नायू ताणले जात जात भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना देव आठवतो. ती ठणक मला, खरं सांगायचं तर, आवडू लागली. कितीतरी वर्षांनी माझे पाय मला काही सांगत होते. मधे एक पावसाळा आला, पायऱ्यांवर शेवाळ धरलं, जाणं बंद पडलं, आणि गणपतीनंतर पुन्हा कठड्यापाशी आले तेव्हा निम्मं गमावलेलं होतं. निम्मंच. हेही नवीन होतं. आधीच्या मीने 'सगळं गेलं' म्हटलं असतं.

बदल टेकडीवर कळला नाही. एकदा धाकट्या भावाशी फोनवर त्याच्या फ्लॅटच्या कर्जाबद्दल वाद घालत होते आणि वाद संपला तेव्हा मी आमच्या दारात उभी होते. तिन्ही मजले चढून. त्याला कळलंही नाही, मलाही किल्ली काढतानाच कळलं. किल्ली लगेच सापडली.

त्या अष्टमीला भाचीने माझ्या हातात घागर दिली. "मावशी, घ्या ना." अंगावर आईचीच जुनी नारायणपेठ होती. धुरावर धरली, काठाशी ओठ नेले. पहिली फुंकर वाया गेली, दुसरी फुसफुसली, तिसऱ्या वेळी पितळ तळहातांत थरथरलं आणि पोटातून तो सूर वर आला, अर्धवट, मधेमधे तुटणारा, पण आला. आई आता त्र्याऐंशीची, खुर्चीत बसून पाहत होती. तिचा श्वास हल्ली आखूड झालाय, वाक्यं दोन तुकड्यांत येतात. मी घाम पुसत तिच्यापाशी गेले तेव्हा म्हणाली, "काठ फार जवळ धरतेस." थोडं थांबून, "आणि खांदे पाड." कौतुक करायची तिला सवय नाही, आणि एवढ्यावर मी रात्रभर खूष होते.

सध्या वाद सिंहगडाचा आहे. मैत्रिणींचं म्हणणं, गाडीने वर जाऊ, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊ, उतरू. मी म्हणतेय आतकरवाडीच्या वाटेने चढू, हवं तेवढं बसत बसत. दोघी माझ्या बाजूला आहेत, एक कुंपणावर, आणि एकीला गुडघ्याचं निमित्त. तिला मी या रविवारी पर्वतीच्या पायथ्याशी बोलावलंय. चढायचंच असं नाही म्हटलं. पहिल्या वळणापर्यंत जाऊ, तिथे बसू, आणि खाली येऊन आवळ्याचा रस पिऊ. ती 'बघते' म्हणालीय.