पेट्रोलचा वास

माणसाला कशाचा वास आवडावा याला काही नियम नाही. कुणी पहिल्या पावसातल्या मातीवर जीव टाकतो, कुणी नव्या कोऱ्या पुस्तकात नाक खुपसून बसतो. मला पेट्रोलचा वास आवडतो. चारचौघांत मी हे कबूल करीत नाही. पण दिवाळी अंक म्हणजे घरचाच कारभार, इथे लाज कसली?

या आवडीचे मूळ आमच्या प्रीमियर पद्मिनीत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी वडिलांनी १९८४ साली घेतली. मुंबईत तिच्या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली, पण आमची अजून अंगणात उभी आहे. दार उघडले की रेक्झिनचा, वडिलांच्या तपकिरीचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास येई. वडील गेले, तपकीर गेली; पेट्रोल राहिले. अलीकडे तर तो वास वाढला होता, आणि मी वेडा समजत होतो की वडिलांची आठवणच दाट होत चालली आहे!

"अहो, गाडी कुठंतरी गळतेय," ही म्हणे.

"जुनी गाडी आहे, वास यायचाच," मी म्हणे.

२०२५ च्या दसऱ्याला मी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर हळदकुंकू वाहिले. बॉनेट उघडायचे मात्र सुचले नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी बाजारातून येऊन गाडी नुकतीच उभी केली होती. सहा वर्षांची नात पेटती पणती घेऊन अंगणात आली. "आजोबा, गाडीपाशी पण एक ठेवू?"

"ठेव की!"

ती पुढच्या चाकाशी वाकणार, तोच नाक मुरडून मागे सरली. "शी! कसला घाण वास येतोय इथं!"

चाकामागे फरशीवर बशीएवढा ओला डाग होता. मी खुर्चीतून उठून तिच्यापर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. पणती विझवली तेव्हा बोटे भाजली, हेही नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. इंजिन गार आहे ना हे हात लावून पाहिले, बॅटरीची वायर सोडली, आणि मग पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी वीतभर रबरी नळी काढून माझ्यापुढे वाकवली. टाचेला भेगा पडाव्यात तशी ती तडकलेली होती.

"काका, इंजिनच्या उष्णतेनं रबर कडक होतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही."

इथेनॉल म्हणजे काही अंशी आपल्या उसाचीच करणी. उसाने गोडवा सोडून हा धंदा कधी धरला, कोण जाणे! पण मिस्त्रीला विनोद ऐकायला सवड नव्हती. मागच्या टाकीपाशी, गाडीखालच्या लोखंडी नळीच्या दोन्ही टोकांना, पंपाच्या तोंडाशी, जिथे जिथे रबर होते ते त्याने सगळे बदलले. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, क्लिपाही नव्या. "एकच बदलली तर पुढच्या महिन्यात शेजारची फुटते. वयं सारखीच ना!" मग इंजिन चालू ठेवून तो प्रत्येक जोडावरून बोट फिरवी आणि बोटाचा वास घेई. पैसे म्हणाल तर नातीच्या फटाक्यांहून कमी लागले.

"पुन्हा कधी बदलायची?"

"चार-पाच वर्षांनी. दिसायला चांगली असली तरी."

पाडव्याला आम्ही फिरायला निघालो. गाडीत बसून दार लावले. नुसते रेक्झिन.

"आता कसं बरं वाटतंय!" ही म्हणाली. मी काच खाली केली.

मिस्त्रीकडून त्या जुन्या नळीचा बोटभर तुकडा मी मागून घेतला आहे. वडिलांच्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत तो बरोबर मावतो.