मधली फळी

आमच्या पारनेरच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर जेवण सोडून बाकी सगळं झालं. आईनं उन्हाळ्यात पापडाच्या लाट्या मांडल्या, वडिलांनी सहामाहीचे पेपर तपासले, आत्याच्या लग्नाच्या याद्या झाल्या. मी त्यावर कर्कटकानं आगगाडी कोरली आणि मार खाल्ला. जेवायला मात्र सगळे खाली, पाटावर. ताट वर आणि पाय लोंबते, असलं जेवण अंगी लागत नाही, असं आजोबांचं मत होतं. ते होते तोवर टेबल भिंतीला टेकूनच राहिलं.

हे टेबल विकत आणलेलं नाही. आमचं जुनं घर माळवदाचं. ऐंशीच्या दशकात ते उतरवून स्लॅबचं बांधलं, तेव्हा छतावरची पांढरी माती शेतात गेली, दगड नव्या पायात गेले आणि सागाची एक तुळई अंगणात उरली. साग काही आमच्या माळाचा नव्हे. इथं बाभूळ, बोर, लिंब. पाऊस घाटावरच रिता होतो आणि आमच्या वाट्याला ढगांच्या सावल्या येतात. ज्यांची ऐपत होती त्यांनी साग बाहेरून आणला. होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा वाडा आमच्याच तालुक्यात, पळशीला आहे. तिथलं लाकडातलं कोरीवकाम पाहिलं की त्या ऐपतीचा अंदाज येतो. आमच्या तुळईवर नक्षी नव्हती. कंदील टांगायच्या खिळ्यांची एक ओळ होती, तेवढीच. गावातल्या सुतारानं ती चिरून पाच फळ्या काढल्या आणि टेबल केलं.

मग आई-वडील काही वर्षं पुण्यात माझ्याकडे राहिले आणि घर बंद पडलं. टेबलावर वडिलांच्या जुन्या कागदांचे गठ्ठे होते. वाळवी कागदाच्या वासानं पायावरून चढली. सागाचा गाभा तिला सहसा मानवत नाही, पण मधल्या फळीत गाभ्याबाहेरचा पांढरा भाग राहून गेला होता. कागद संपवून ती त्यात शिरली. आम्ही परत आलो तेव्हा बोटानं दाबलं की फळी पापडासारखी मोडत होती.

वडील आता नाहीत. आईच्या गुडघ्यांनी पाट सोडायला लावला. "ते टेबल तरी नीट कर," ती म्हणाली. म्हणजे इतक्या वर्षांनी टेबलाला त्याचं स्वतःचं काम मिळणार होतं.

वखारीतून सागाची नवी फळी आणली, सुताराकडून बसवून घेतली. चार फळ्या चहाच्या रंगाच्या आणि मधली ताज्या भाकरीसारखी पिवळट. मी नगरहून रंगाचा डबा आणला. झाकणावर सुंदर तपकिरी लाकडाचं चित्र होतं. तो नव्या फळीवर ओढला आणि तासाभरात कळलं की चित्रातलं लाकूड वेगळं होतं. फळी काळपट झाली, तीही सगळीकडे सारखी नाही. दोन्ही टोकांना तर डांबर फासल्यासारखी. रंग उजळावा म्हणून पुसलं, तर ठिगळं दिसू लागली. आई दारातून बघत होती. ती काही बोलली नाही आणि तेच जास्त लागलं.

मग पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, नखं कायमची तांबूस. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि माझी चूक एका श्वासात सांगितली. "खरबरीत कागदावरच थांबलात. लाकडाची तोंडं उघडी राहिली की ते रंग ढोसतं. आणि टोकाला तर नळ्याच कापलेल्या असतात, तिथं दुप्पट ओढणार." त्यांनी माझा रंग खरवडून काढला. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, एकशेवीस, मग दोनशेवीस. टोकांना आणखी बारीक, म्हणजे तिथं रंग कमी चढतो.

मला वाटलं, आता नव्या फळीला नीट रंग देतील आणि झालं. मिस्त्री कागद घेऊन जुन्या फळ्यांकडे वळले. मी म्हटलं, "काका, त्या कशाला? त्या तर चांगल्या आहेत."

"नव्यालाच काळं करत बसायचं आणि जुन्याला हात लावायचा नाही, असं जमत नसतं दादा. मग ते कायम फासल्यासारखं दिसतं. दोन्हीकडून थोडं थोडं सरकायला लागतं."

आई आतून म्हणाली, "हे आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही."

मिस्त्री हसले. मी हसलो, पण हात थांबला. नव्या सुनेनं जुळवून घ्यायचं, हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला दुसरी बाजू असते हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. या घराचा रंग आईनं अंगावर चढवून घेतला. घरानं तिच्यासाठी काय खरवडलं, ते मला आठवेना.

जुन्या फळ्या घासल्या आणि पहिला धक्का बसला. चहाचा रंग म्हणजे नुसती वरची पापडी होती. हवा, उजेड, हात, तेलाची बोटं, जुनं पॉलिश यांची. तिच्याखाली तुळई अजून सोनेरी होती, नव्या फळीच्या बहिणीसारखी. लाकूड घासलं की सागाचा तो कातडी तेलकट वास घरभर सुटला. माळवदाखाली झोपायचो तेव्हाचा वास.

सगळं मात्र काढलं नाही. खिळ्यांच्या भोकांभोवती काळी वर्तुळं होती. मी ती घासायला लागलो तर मिस्त्रींनी अडवलं. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा यांच्यात ओल शिरली की असा काळा रंग उतरतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, त्याच जातीचा. तो खोलवर गेलेला असतो. "ऑक्झॅलिकनं निघेल," ते म्हणाले, "पण कंदील कुठं होते ते कसं कळणार मग?" हळदीच्या डागाला त्यांनी हातही लावला नाही. टेबल दोन दिवस अंगणात कोवळ्या उन्हात ठेवलं आणि डाग आपोआप फिकटला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे आईला ठाऊकच होतं. आणि माझी आगगाडी. इंजिन दुसऱ्या फळीवर होतं, डबे मधल्या फळीबरोबर वाळवीनं नेले. "ठेवायचं का?" मिस्त्रींनी विचारलं. मी आईकडे बघितलं. ठेवलं.

रंग त्यांनी डब्यातून काढला नाही. पिवडी, गेरू आणि चिमटीभर काजळी पातळ चपड्यात कालवली. आधी जुनी फळी स्पिरिटच्या फडक्यानं ओली केली. ओलं असतं तेवढा क्षण लाकूड पॉलिशखाली कसं दिसेल ते दाखवतं आणि स्पिरिट उडालं की पुन्हा गप्प बसतं. त्या क्षणाशी रंग जुळवायचा. त्यासाठी टेबल उलटं करून नव्या फळीच्या पोटाशी सहा पट्टे ओढले, फिक्यापासून गडदपर्यंत. ट्यूबलाइटखाली मला पाचवा अगदी बरोबर वाटला. मिस्त्रींनी टेबल अंगणात काढायला लावलं. उन्हात तोच पाचवा तांबडाभडक. त्यांनी चौथ्यापुढे पेन्सिलीनं फुली मारली. चौथा तर फिका होता. मी तसं म्हटलं. "असू द्या. वरून पॉलिश चढलं की एक छटा वाढते. उरलेलं काम उन्हाचं. नवा साग दोन-चार वर्षांत अंग धरतो. आज तंतोतंत केलं तर उद्या पुढं जाईल."

चपडा म्हणजे लाख. ती एक कीड पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर करते. झारखंडात त्याची शेतीच होते आणि रांचीजवळ 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आमच्या बांधावर बोरी ढीगभर, पण आम्ही त्यांची फक्त बोरं खाल्ली आणि काटे मोडून घेतले. मिस्त्री मलमलच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून बोळा करत आणि हात न थांबवता आठ आकडा काढत फिरवत. हात थांबला की तिथं चिकटलाच. पावसाळ्यात हे काम ते घेत नाहीत. हवेत ओल असली की लाखेवर पांढुरकी झाक धरते. कार्तिकातली आमच्याकडची कोरडी हवा त्यांच्या कामाची. वारा मात्र नाही. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या काही उगाच उभ्या नाहीत. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून आम्ही दारं-खिडक्या लावल्या, फरशीवर पाणी शिंपडलं आणि तीन दिवस घरात हळू चाललो.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम शेजारच्या मावशींना विचारलं, यातली नवी फळी कोणती. त्यांनी कडेची दाखवली. नीट बघणाऱ्याला कळतं. मधल्या फळीच्या रेषा दूरदूर आहेत, झाड घाईनं वाढलेलं. रंग जुळला, वय जुळलं नाही. ते जुळवायला मिस्त्री निघालेच नव्हते.

जाताना त्यांनी एकच पथ्य सांगितलं. गरम भांडं थेट ठेवू नका, लाखेवर पांढरं कडं उमटतं.

आई आता टेबलाशी बसून जेवते. तिचं ताट मधल्या फळीवर असतं. आमटीचं पातेलं चुलीवरून उतरवलं की ते ठेवायला तिनं माळ्यावरून एक पाट काढून घेतला आहे. आजोबा ज्यावर जेवायला बसायचे, तो पाट आता रोज दोन वेळा टेबलावर असतो, गरम पातेल्याखाली.