रेणूची राखीव जागा

थिओफिलिन हे दम्याचं जुनं औषध. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे ते 10 ते 20 मायक्रोग्रॅम असावं, असा पाठ्यपुस्तकांतला जुना दंडक. कमी पडलं तर दमा हटत नाही. जास्त झालं तर मळमळ, धडधड, प्रसंगी झटके. या औषधाचा सख्खा भाऊ आपण रोज कपातून पितो. थिओफिलिनच्या एका नायट्रोजनवर हायड्रोजनच्या जागी मिथाइल गट बसला, की झालं कॅफीन.

हा एवढासा फरक ओळखणारं प्लास्टिक बनवता येतं. 1993 साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात क्लाउस मोसबाख यांच्या गटाने ते थिओफिलिनसाठी करून दाखवलं आणि ‘नेचर’मध्ये छापलं. रक्तातलं थिओफिलिन मोजण्यासाठी त्यांनी प्रतिपिंडांऐवजी ही पॉलिमरची भुकटी वापरली. तिने कॅफीनला जवळपास हुंगलंसुद्धा नाही.

आमच्या प्रयोगशाळेतली कृती ऐकायला सोपी आहे. सेंद्रिय द्रावकात औषध आणि मेथाक्रिलिक आम्ल एकत्र करायचं. आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधांनी औषधाभोवती आपसूक गोळा होतात. मग इथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट हा जोडणारा रेणू भरपूर घालायचा, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलायचा आणि कुपी 60 अंशांवर ठेवायची. द्रावक सढळ हाताने घातला असेल तर एकसंध खडा न होता सुटे कण तयार होतात. पाण्यासारखं नितळ द्रावण बघता बघता दुधाळ होतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी प्रत्येक कणात औषधाच्या रेणूने स्वतःची जागा धरलेली असते. रुमाल उचलला की जागा मोकळी. मात्र ती त्याच मापाची, त्याच अंगाने बसणाऱ्यासाठी.

खरी कटकट रुमाल उचलण्यातच आहे. मिथेनॉल आणि अॅसिटिक आम्लाच्या मिश्रणाने सॉक्सलेट या उपकरणात रात्रभर धुवायचं. सकाळी खोलीभर व्हिनेगरचा वास. संध्याकाळी यंत्रावर तपासावं, तर आलेखात औषधाचं बारीकसं शिखर पुन्हा डोकं वर काढतंच. लेस्टरच्या सर्गेई पिलेत्स्की यांनी यावर नामी तोड काढली. त्यांनी साच्याचा रेणू, म्हणजे ज्याच्यासाठी जागा राखायची तो, काचेच्या मण्यांवर पक्का चिकटवला आणि नॅनोकण त्याच्याभोवती वाढवले. थंड धुण्यात कच्चे, सैल पकडीचे कण निघून जातात. तापमान वाढवलं की घट्ट पकडीचे सुटतात आणि साचा मण्यांवरच राहतो.

या सगळ्यामागची कल्पना रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगची. शरीरातली प्रतिपिंडं प्रतिजनाच्या ठशावरूनच घडतात, असं त्याने 1940 मध्ये मांडलं. प्रतिपिंडांच्या बाबतीत ते साफ चुकीचं ठरलं. पण त्याचा विद्यार्थी फ्रँक डिकी याने 1949 मध्ये सिलिकावर रंगद्रव्यांचे ठसे उमटवले आणि ते चालले. सिद्धांत बुडाला, कृती तरली! आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून करमळकर, कुलकर्णी आणि माशेलकर यांनी 1996 मध्ये अशाच ठशांच्या हायड्रोजेलमधून कायमोट्रिप्सिन या विकरासारखं काम करून घेतलं होतं.

आता मुद्द्याचं. औषध पकडणारा कण औषध हळूहळू सोडेलही, म्हणून तो उत्तम वाहक, असं आमच्या क्षेत्रात सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पकड फार घट्ट असेल तर औषध सुटणार नाही. सैल असेल तर ठसा घेऊन मिळवलं काय? शिवाय हायड्रोजन बंध सेंद्रिय द्रावकात मजबूत, आणि शरीर तर पाण्याने भरलेलं. पाण्याचे रेणू त्याच बंधांवर हक्क सांगायला येतात. औषध थोडं भरलं तर घट्ट जागा आधी भरतात आणि ते सावकाश सुटतं. ठासून भरलं तर उरलेलं औषध साध्या पॉलिमरसारखंच बाहेर पडतं. म्हणून एखादा शोधनिबंध हाती आला की मी आधी बिनठशाच्या, कोऱ्या पॉलिमरचा आलेख शोधतो. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालल्या असतील तर श्रेय ठशाचं नाही, नुसत्या जाळीचं.

रक्तात सोडायच्या कणांबाबत आणखी एक अडचण. अॅक्रिलिक जाळी शरीरात सहजी विरघळत नाही. कॅलिफोर्नियात केनेथ शे आणि यू होशिनो यांनी 2010 मध्ये मधमाशीच्या विषातलं मेलिटिन टोचलेल्या जिवंत उंदरांच्या रक्तात त्याच मेलिटिनच्या ठशाचे नॅनोकण सोडले. कणांनी विष धरलं, उंदीर वाचण्याचं प्रमाण वाढलं. पण विष आणि कण दोन्ही जाऊन साचले यकृतात. शिवाय हे काम पकडण्याचं होतं, पोहोचवण्याचं नव्हे.

पोहोचवण्यासाठी मला आशा वाटते ती डोळ्याची. थेंब असतो 30 ते 50 मायक्रोलिटरचा, अश्रूंचा थर जेमतेम 7 चा. बाकीचं गालावर किंवा नाकात. डोळ्याच्या आत पाच टक्केही जात नाही. हिरातानी आणि आल्वारेझ-लोरेन्झो यांनी काचबिंदूवरच्या टिमोलॉलचा ठसा मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये घेतला. सशांच्या अश्रूंमध्ये ते औषध कोऱ्या लेन्सच्या दुप्पट आणि थेंबांच्या आठपटीहून जास्त वेळ टिकलं. इथे मात्रा मायक्रोग्रॅमची, प्रवाह मंद, आणि काम झालं की वाहक बोटाने काढून टाकता येतो. यकृताचा प्रश्नच नाही. तरीही औषध सोडणारी जी लेन्स 2021 मध्ये जपानात आणि 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ती अॅलर्जीवरच्या केटोटिफेनची, आणि ती ठसा न घेताच केलेली.

काचबिंदूची ठशाची लेन्स दुकानात येईल तेव्हा येईल. तोवर घरात कुणी टिमोलॉलचे थेंब घालत असेल तर त्यांना एवढं सांगा: थेंब पडला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा. औषध नाकावाटे रक्तात कमी जातं. आणि दमा असेल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण हेच टिमोलॉल श्वासनलिका आवळतं.