दुपारी दोनला वास कसा येणार?

"कुठाय वास, मॅडम?" पाहणीला आलेल्या साहेबांनी आमच्या गच्चीवर उभं राहून विचारलं. दुपारचे दोन वाजले होते, ऊन लख्ख पडलं होतं. वास नव्हताच. वर्ष होत आलं, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात पोस्ट-डॉक करते. अंटार्क्टिकातला बर्फ आणि त्याला टेकलेली हवा यांच्यातली उष्णतेची देवाणघेवाण, हा माझा विषय. घर बदलापूर पूर्वेला. शनिवारी कर्जतला उतरून लोकल पकडते. अंटार्क्टिका पाहिलेलं नाही. तिथल्या नोंदी तेवढ्या रोज बघते.

ध्रुवाजवळ हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. बर्फ उष्णता आकाशात टाकत राहतो, त्याला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि खालीच बसते. वर उबदार थर. अंतर्भागातल्या पठारावर काहीशे मीटरांत वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो. खालची हवा वर जाऊन मिसळतच नाही, जणू झाकण बसलेलं.

हेच झाकण डिसेंबर-जानेवारीत आमच्यावर बसतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला, डोंगरउतारावरची गार हवा उल्हास नदीच्या खोऱ्यात साचलेली. पहाटे शेकोटीचा धूर चार-पाच हात वर चढतो आणि तिथेच आडवा पसरतो. रात्री अकरानंतर कारखान्यातल्या रसायनांचा उग्र वास येतो, तोही असाच खाली अडकलेला. आई खिडक्या लावून घेते. शेजारच्या काकांना दमा आहे, ते उशीला टेकून रात्र काढतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये रासायनिक धूर पसरून लोकांचे डोळे चुरचुरले, त्याची बातमी झाली. आमच्या या रात्रींची होत नाही.

तक्रार केली, साहेब आले ते दुपारी दोनला. दुपारी जमीन तापते, हवा खालीवर ढवळली जाते, झाकण उडतं, वास विरून जातो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'पाहणीवेळी वास आढळला नाही.' शब्दन्‌शब्द खरा! माझ्या शोधनिबंधातल्या अर्ध्या अंशाच्या फरकावरून परीक्षकांनी तीन पानं प्रश्न विचारले होते. इथे आमच्या अख्ख्या रात्रीबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही.

त्या माणसाचा मला राग नाही. एकट्याने किती गावं सांभाळायची? पण नाही, राग आहे. कारखाना रात्री चालतो, लोकल रात्री चालते, दवाखाना रात्री उघडा असतो, मग पाहणीच तेवढी दिवसा का? तक्रार करणाऱ्यांनी वासाची वेळ आणि वारा होता की नव्हता, हे लिहून ठेवावं. झाकण मोजायला मी पहाटे साडेपाचला दोन थर्मामीटर लावले. नदीकाठच्या मैदानात १२.८ अंश, सातव्या मजल्याच्या गच्चीवर १६.१. आई कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, वासाच्या रात्रींवर फुली मारते. गेल्या डिसेंबरात एकोणीस फुल्या झाल्या.

ध्रुव सोडून इथल्याच हवेवर काम करीन, असं आईला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात अंटार्क्टिकातल्या मैत्री तळावरच्या मोहिमेसाठी अर्ज भरला. मला तो बर्फ बघायचाच आहे.

फुल्यांच्या पानाचा फोटो लावून दुसरी तक्रार केली. उत्तर आलं आहे: पाहणी मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता.