पाठकोरे कागद

वार्षिक परीक्षा संपली की घरातल्या साऱ्या वह्या ओसरीवर यायच्या. मागची कोरी राहिलेली पानं हलक्या हातानं सोडवायची, एकावर एक रचायची, कडा जुळवायच्या, दाभणानं भोकं पाडायची आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवायची. वर पुठ्ठा, पुठ्ठ्याला मैद्याची खळ. काही पानं एकेरी, काही दुरेघी, मध्येच चौकटींची. या वहीला आमच्याकडे 'उरलीसुरली' म्हणत. शाळेत ती चालत नसे, म्हणून ती आमची. आमच्या गल्लीतल्या पोरांनी पहिली कविता, पहिली गोष्ट, पहिलं नाटुकलं लिहिलं ते उरल्यासुरल्या वहीत.

वही भरली की मग पाठकोरे. एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा तो पाठकोरा, हे आठवत असेलच. लग्नपत्रिका, तारखांच्या दट्ट्याची पानं, निवडणुकीची पत्रकं, नाटकाची हँडबिलं, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, अण्णांच्या कचेरीतली रद्द झालेली परिपत्रकं. खिळ्याला टोचून ठेवलेले हे कागद आधी आईच्या वाणसामानाच्या यादीला, मग दुधाच्या हिशेबाला, आणि त्यातून उरले तर वाङ्मयाला. म्हणून गोष्ट आधी डोक्यात पुरी करायची, विहिरीवर पाणी शेंदताना दोनदा स्वतःला सांगायची आणि मगच कागद मागायचा. खोडाखोड केली की आजी म्हणायची, "कागद काय झाडाला लागतात?"

आज कथा, कविता, ललित लेखन शिकवणारे वर्ग भरतात, कार्यशाळा होतात. चांगलंच आहे. आम्हाला मात्र 'ये, तुला लिहायला शिकवतो' असं कुणी म्हटलं नाही. घरात कागद कमी होता आणि कानावर पडणारं पुष्कळ होतं. आम्ही जे काही लिहायला शिकलो ते या दोन गोष्टींनी.

पोस्टकार्ड तेव्हा 15 पैशांचं. त्यात तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, पाऊसपाणी, कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली, लहानांना आशीर्वाद, ता. क. आणि ता. क.च्या कडेनं उभं लिहिलेलं आणखी एक वाक्य, एवढं बसवायचं. शिवाय ते उघडं! पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे वाचणार. तेव्हा थोरल्या आत्याच्या सासरी काही खटकलं असेल, तर ते तिला कळावं आणि तिच्या सासूला कळू नये, असं लिहावं लागे. न सांगता सांगायचं कसं, याची तालीम आम्हाला इथं मिळाली.

पण खरी शाळा दुपारची. गल्लीत लिहिता न येणाऱ्या पुष्कळ जणी होत्या. जेवणं आटोपली की कोरं कार्ड पदरात धरून यायच्या. "लिही बाबा. पावसानं वढ दिली हाय." निबंधाच्या वहीत मुरलेले आम्ही लिहायचो, 'यंदा पर्जन्यमान समाधानकारक नाही.' ती म्हणायची, "वाच मोठ्यानं." वाचलं की तिचा चेहरा पडायचा. "हे कोण बोलतंय? माझ्या भावाला वाटंल, दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं." मग आम्ही तिचं बोलणं तसंच्या तसं उतरवायला शिकलो. कुठं थांबली, कुठं 'बरं का' म्हणाली, तेसुद्धा. पात्राच्या तोंडी त्याचीच भाषा हवी, हे पुढं व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' वाचताना लख्ख कळलं. हाताला मात्र ते त्या दुपारींनीच लावून ठेवलं होतं.

आणि त्या सांगायच्या कशा! गाय व्याली इथून सुरुवात. मग गाय कुणी दिली, ते मामंजी कसे होते, त्यांच्या काळी ओढ्याला पाणी कसं असायचं, त्यातून धाकट्याचं पोहणं, पोहण्यातून त्याचा ताप आणि तापातून अगदी शेवटच्या ओळीत, 'जमलं तर वीस रुपये धाड.' सगळं पत्र त्या वीस रुपयांकडे चाललेलं असायचं आणि वाटेत कुठंच ते कळायचं नाही. ललित लेख म्हणजे काय, हे कॉलेजात इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती' आणि दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' हाती पडलं तेव्हा सरांनी समजावलं. आम्हाला त्या दोघी वाचताना गल्लीतल्या बायकाच आठवत राहिल्या. बोलणारी बाई आणि लिहून घेणारा मुलगा, ही जोडी मराठीत मोठ्या कामाची ठरली आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी वेळोवेळी टिपून ठेवली, म्हणून 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकात आली. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. आणि 1934 पासून भागाभागानं निघालेली 'स्मृतिचित्रे' वाचताना अजूनही असंच वाटतं की बाई समोर बसून सांगताहेत.

कवितेचं शिक्षण पहाटेपासून. जात्यावरची ओवी, देवघरातली भूपाळी, तिन्हीसांजेला पर्वचा. पावकी-निमकी म्हणताना डोकं कुठंही असो, मान तालावर हलायचीच. शाळेत बाईंनी 'यमाताराजभानसलगं' शिकवलं आणि लघु-गुरूंच्या खुणा करायला लावल्या, तेव्हा रोज म्हणतो ते मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, ओळीला बारा अक्षरं, चार वेळा 'य' गण, हे कळून आम्ही हरखून गेलो.

ही विद्या घरात लगेच कामी आली, ती लग्नाच्या मांडवात. नातलगांनी रचलेली मंगलाष्टकं गुलाबी कागदावर छापून वाटायची पद्धत होती. वृत्त बहुधा शार्दूलविक्रीडित. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. त्यात वधूचं नाव, वराचं नाव, दोन्ही कुलदैवतं, आजोबा, मामा आणि रुसणाऱ्या आत्या, सगळ्यांना बसवायचं. एखाद्या काकांचं नाव गणात बसतच नसे. मग त्यांना 'तात' करायचं, आणि तात खूश. एखादं नाव लघुगुरूच्या हिशेबानं जड जातं म्हणून ओळ फिरवायची, यमक अडलं तर कुलदैवत पुढं घ्यायचं. छापून आलेला कागद हातात घेऊन अक्षता टाकायच्या सोडून मंडळी आपलं नाव शोधत असत. यमक जुळवणं आणि कविता होणं यांत अंतर असतं, हे तेव्हा कळत नव्हतं. पण शब्द घासून, तासून, फिरवून बघायची सवय मात्र लागली ती लागली.

पुढं गझलेचं वेड आलं, तेव्हा गल्लीतल्या एकदोघांच्या हाती सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' पडली. नव्यानं लिहिणाऱ्यांना भट ती टपालानं पाठवत. मतला म्हणजे काय, काफिया, रदीफ, अलामत कशी सांभाळायची, सगळं नेमकं आणि शिस्तीत. एवढा मोठा कवी अनोळखी पोरांसाठी बाराखडी लिहून काढतो आणि पाकिटात घालून पाठवतो, याचं आम्हाला तेव्हाही अप्रूप होतं, आजही आहे.

गोष्टींचं काय सांगावं! वाण्याच्या पुड्यांनी आम्हाला कथा शिकवली. जिऱ्याची पुडी सोडली की आत एखाद्या मासिकाचं अर्धं पान. नायिका दारात उभी, तार आलेली, आणि पान संपलं. आधी काय झालं, पुढं काय होणार, यावर जेवताना घरभर वाद. वाचनालयातून येणाऱ्या दिवाळी अंकांचं तेच. 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची चाल पाडली आणि तेव्हापासून घरोघरी फराळाबरोबर अंक आले. आमच्या गावच्या वाचनालयापर्यंत पोचून हातोहात फिरेस्तोवर शेवटची पानं निखळलेली असत. मग शेवट आम्ही करायचो. प्रत्येकाचा वेगळा. आजीच्या शेवटात सगळे घरी परत यायचे. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' कपाटात होतं, मोठ्यांनी ते वाचलंही. पण गोष्टीची गाठ कुठं बसते, हे सुटलेल्या पानांनी जितकं दाखवलं तितकं कुठल्या पुस्तकानं नाही.

गणपतीत हस्तलिखित निघायचं. ज्याचं अक्षर मोत्याचं तो लेखनिक, ज्याला चित्रं येत तो वेलबुट्टी काढणार, आणि गुरुजी लाल शाईनं तपासणार. गुरुजींचा एकच नियम होता, 'विशेषणं मोजा.' ते स्वतः मोजायचे.

मग धीर करून मोठ्या मासिकांकडे. तिथली सूचना वाचून घरात शांतता पसरली: कागदाच्या एकाच बाजूस लिहावं, डावीकडे समास सोडावा, परतीच्या टपालाचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं. एकाच बाजूस! आजीला हे कुणी सांगावं? 'सत्यकथे'कडे पाठवायचं म्हणजे तर छातीच हवी. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला पत्रं लिहितात, कुठं कथा सैल झाली ते सांगतात, पुन्हा लिहायला लावतात, हे ऐकून होतो. 1982 साली 'सत्यकथा' बंद झालं, तेव्हा तिथं एक ओळ न छापलेली आमची गल्लीसुद्धा हळहळली.

साभार परत आलेल्या कथा मात्र वाया गेल्या नाहीत. पाठ कोरीच होती ना! पुढची कथा त्याच कागदांच्या मागं. कितीदा एका बाजूची फसलेली वाक्यं कागदातून आरपार दिसायची आणि या बाजूला आपोआप टळायची.

शेवटी एकदा गल्लीतल्या ताईची कथा एका दिवाळी अंकात आली. मानधनाची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन आला, तो चहा पिऊन गेला. त्या पैशांतून पांढऱ्या कागदांचा अख्खा दस्ता आणला, दोन्ही बाजूंनी कोरा. वाटणीवरून पोरांत जुंपली. वर्षानुवर्षं आम्हाला पत्रं सांगणाऱ्या आणि आता प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवून आलेल्या शेजारच्या काकूंनी त्यातले चार ताव मागून घेतले. माहेरच्या विहिरीबद्दल लिहायचं म्हणाल्या. समास सोडायचा असतो, हे आम्ही त्यांना बजावून सांगितलं. त्यांनी पार कडेपर्यंत लिहिलं, दोन्ही बाजूंनी.