डाग कोणता, गोंदण कोणते?

तुमच्या घरी पेटीत किंवा माळ्यावर लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट पडली असेल, तर ती भंगारात घालू नका. आमच्या घरी काय घडले ते आधी ऐका.

माझे माहेर पनवेल तालुक्यातले कोपर. ते गाव आता जागेवर नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठली, त्यांत तेही उठले. उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. आमचे अंगण आणि दारातला आंबा आता एकाच ठिकाणी उरला आहे, माझ्या लग्नाच्या १९९२ सालच्या कॅसेटमध्ये. त्यातच माझी आजी आहे. ती धवलारीण होती. हळदीला बसून धवला गाताना तिचे ते एकच चालते-बोलते चित्र.

माझा भाचा म्हणाला, "आत्या, कॅसेट दे. संगणकात उतरवतो."

आधी त्याने कॅसेटच्या काचेतून आत पाहिले. आपल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी बुरशी असेल तर कॅसेट यंत्रात घालू नये, जाणत्याकडून साफ करून घ्यावी; नाहीतर यंत्राचे हेडही खराब होते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटलाही लागते. आमची फीत सुदैवाने स्वच्छ होती. मग त्याने कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तोडली. ती तुटली की चुकूनही वर दुसरे काही भरले जात नाही. एकदा पुढे, एकदा मागे अशी पूर्ण फिरवून त्याने ती लावली.

चित्र आले, पण कसे? खाली थरथरणारा पट्टा, मधूनमधून पांढऱ्या रेघा, आणि कोणी हात हलवला की कडेला फणीचे दात! भाच्याने एकेक समजावले. खालचा पट्टा यंत्राचे एक हेड सुटून दुसरे लागते तिथला. जुन्या टीव्हीत तो चौकटीआड लपायचा. तेवढी कड झाकली की झाले. फणीचे दात दिसतात, कारण त्या काळचे चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी, सेकंदाला पन्नास वेळा उमटायचे. ते अर्धे भाग नीट जुळवावे लागतात. पांढऱ्या रेघा म्हणजे फितीवरचा लेप झडलेली जागा. सगळे चित्रच हलत असेल तर आधी यंत्रावरचे ट्रॅकिंगचे बटण फिरवावे. जे यंत्रात सुधारते ते संगणकावर ढकलू नये.

पुढे मात्र घोटाळा झाला. त्याने चित्र गुळगुळीत करणारे साधन पूर्ण जोराने लावले. सगळे कसे लख्ख झाले! मी मात्र आजीकडे पाहिले आणि गप्प झाले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. कपाळावरचे, हनुवटीवरचे गोंदणही गेले होते. संगणकाने त्यालाही डागच समजून पुसले होते. ती बाई सुंदर होती, पण माझी आजी नव्हती.

बरे झाले, भाच्याने पहिली उतरवलेली नक्कल जशीच्या तशी वेगळी ठेवली होती. तुम्हीही हे विसरू नका. दुरुस्ती नेहमी दुसऱ्या नकलेवर करावी.

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी एकेक चित्र थांबवून पाहिले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पांढरी रेघ एका चित्रात असते, पुढच्यात नसते. गोंदण प्रत्येक चित्रात, त्याच जागी असते. म्हणून रेघ असेल तिथे मागच्या किंवा पुढच्या चित्रातला तेवढाच तुकडा घेऊन जागा भरली. बाकीच्याला हात लावला नाही. थोडी खरखर राहिली. राहू दे.

आता दोन नकला दोन घरांत ठेवल्या आहेत. कॅसेटही जपून ठेवली आहे. कारण ती चालवणारी नवी यंत्रे २०१६ नंतर बनत नाहीत. जुने यंत्र चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्यावे.

परवा सगळे भाऊबंद जमून पाहायला बसलो. आजीचा चेहरा जवळ आला तेव्हा माझी नात म्हणाली, "आजी, हिच्या कपाळावर ठिपके कसले?"

मग मला तिला गोंदणाची सगळी हकीकत सांगावी लागली.