हात डायखाली जातोच कशाला?

चाकण, भोसरी आणि तळवडे परिसरातल्या प्रेस शॉपच्या मालकांस,



अपघाताच्या नोंदीत तुमच्याकडचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘कामगाराचं लक्ष नव्हतं.’ कधी त्याला शेपूट जोडलेलं असतं. रात्रपाळी होती, मोबाईल बघत होता, नवा होता, सांगितलेलं ऐकत नाही. हे वाक्य खोटं असतं असं मी म्हणत नाही. लक्ष नसेलही. माझा प्रश्न एवढाच आहे की, लक्ष गेल्याबरोबर बोट जावं अशी व्यवस्था तुमच्या शेडमध्ये कुणी करून ठेवली?

जरा हिशेब करा. हाताने पत्रा घालायचा, पॅडल दाबायचं, ठोका पडला की जॉब बाहेर काढायचा. मिनिटाला दहा ठोके धरले तर तासाला सहाशे, आठ तासांत चार हजार आठशे. तेवढ्या वेळा माणसाचा हात डायमध्ये जातो आणि बाहेर येतो. बारा तासांची पाळी लावली असेल तर पुढचा गुणाकार तुम्हीच करा. सलग इतक्या वेळा न चुकणारा माणूस जन्माला यायचा आहे. तुम्ही स्वतः बसलात तरी चुकाल.

आणि त्याची चूक होऊ नये म्हणून ज्या यंत्रावर भिस्त ठेवायची, ते यंत्र तरी कसं आहे? जुन्या प्रेस बहुतेक की-क्लचच्या. पॅडल दाबलं की की फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि रॅम खाली येतो तो पूर्ण फेरा मारूनच थांबतो. मध्येच हात दिसला म्हणून त्याला थांबवता येत नाही. की झिजली, स्प्रिंग ढिली पडली, की पॅडलला पाय न लावता दुसरा ठोका पडतो. ‘डबल स्ट्रोक मारते’ हे तुमच्या सेटरच्या तोंडचं वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. असा ठोका पडतो तेव्हा कामगाराचा हात जॉब उचलायला आत गेलेला असतो. त्या क्षणी त्याचं लक्ष पूर्णपणे कामावरच असतं.

काही जण ऑडिटच्या आधी अशाच प्रेसवर लाइट कर्टन लावून मोकळे होतात. हिरवा दिवा लागतो, फोटो निघतो. लाइट कर्टन उपयोगी पडतो तो मध्येच थांबू शकणाऱ्या प्रेसवर, म्हणजे न्यूमॅटिक क्लच-ब्रेकच्या, आणि तिथेही तो डायपासून पुरेशा अंतरावर असला तरच. की-क्लचवर तो नुसती शोभा आहे. तिथे हवं ते जुनंच काहीतरी : पूर्ण बंदिस्त गार्ड किंवा रॅम खाली येण्याआधी बंद होणारा इंटरलॉक गार्ड. किंवा डायच अशी करायची की फट सहा मिलिमीटरच्या आत राहील आणि बोट आत शिरणारच नाही. शूटवरून पत्रा सरकवता येतो, जॉब हवेच्या झोताने बाहेर उडवता येतो. चिमटा आणि मॅग्नेटही आहेत. पण ते मदतनीस, गार्डची जागा त्यांना देऊ नका. यातलं बरंचसं काम तुमच्या टूलरूमला येतं. ज्यांना मायक्रॉनमध्ये डाय बसवता येते, त्यांना जाळी बसवता येत नाही असं कोण मानेल?

ही मागणी आजची नव्हे. भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता, तसा दुबळाच. पण धोकादायक यंत्राला आडोसा हवा हे त्यातही होतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने पुढे सांगितलं की, यंत्राचा धोकादायक भाग चालू असेपर्यंत गार्ड जागेवर राहिला पाहिजे. भोपाळनंतर १९८७ साली ७-अ कलम आलं आणि कामगारांची सुरक्षा, आरोग्य व कल्याण जपण्याची सर्वसाधारण जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे कंपनी असेल तर संचालकावर, आली. कामगारानेही गार्डशी मुद्दाम छेडछाड करू नये असं कायदा म्हणतो. पण आधी गार्ड असावा लागतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत आलं आहे. तुमच्या मंडळींत तिची चर्चा झाली ती मात्र एकाच आकड्याची : वीज वापरणाऱ्या ठिकाणी आता वीस कामगार असतील तरच ‘कारखाना’. म्हणून मस्टरवर एकोणीस आणि बाकीचे कंत्राटदाराच्या वहीत, हा हिशेब करणारे भेटतात. व्याख्येत कंत्राटी माणसंही मोजली जातात. शिवाय मालकाची मूळ कर्तव्यं दहा माणसांच्या आस्थापनेलाही लागू आहेत. कर्तव्यात कसूर होऊन कुणी दगावलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातला किमान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

कामगाराच्या बाजूचा हिशेबही कायद्यात लिहून ठेवला आहे. कामगार नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याला एक परिशिष्ट होतं, तुमच्या केबिनमध्ये ते लावायला हवं. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेतली घट ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. ज्याने ही टक्केवारी ठरवली त्याने पुढे अशा हाताला प्रेसवर कोण उभं करतं, हे विचारलेलं नाही. सहसा कुणी करत नाही. तो माणूस गावी जातो, नाहीतर एखाद्या सोसायटीच्या गेटवर बसतो.

मोठी आग लागली की वर्तमानपत्रं येतात. मुळशीत उरवड्याला ७ जून २०२१ ला तसंच झालं. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. चौकशी समिती नेमली जाते, मंत्री येऊन जातात. बोटाची बातमी होत नाही. बोटं एकेक करून जातात, त्यामुळे ती ना कुणाच्या नजरेत भरतात, ना तुमच्या ताळेबंदात.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. वरची गाडी कंपनी दरवर्षी दर कमी करून मागते, रिजेक्शन पीपीएममध्ये मोजते, एक गाडी माल उशिरा पोचला तर लाइन थांबल्याचा दंड लावते. तिच्या ऑडिटमध्ये डायचं आयुष्य विचारलं जातं तेवढ्या बारकाईने तुमच्या प्रेसवरच्या हातांची विचारपूस होत नाही. हे चूक आहे, आणि त्या कंपन्यांनाही एक पत्र लिहायला हवं. पण प्रेस तुमच्या शेडमध्ये आहे.

आणखी एक. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ तुम्ही घेता, बॅजही वाटता. भिंतीवरचा सुरक्षेचा फलक इंग्रजीत, आणि प्रेसवरचा पोरगा परभणीचा, नाहीतर गोरखपूरचा. सूचना बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेतही लावा हे जुन्या कायद्याच्या १०८ व्या कलमातच होतं. हातमोजे-बुटांचे पैसे पगारातून कापू नयेत हेही त्याच कायद्यात होतं. या गोष्टींना खर्च फारसा नाही, त्यामुळे त्यांवर वाद घालत नाही.

उद्या सकाळी सेटरला बोलवा आणि प्रत्येक की-क्लच प्रेसचा गार्ड कुठे आहे ते विचारा. डाय बदलताना अडचण होते म्हणून काढलेले बरेचसे कपाटामागे सापडतील. ते परत चढेपर्यंत त्या प्रेसचा मेन स्विच खाली ठेवा, आणि कंपनीच्या खरेदी विभागाला फोन करून सांगा की माल दोन दिवस उशिरा येईल. कारण विचारलं तर खरं तेच सांगा.

कळावे,
आपला,
एक वाचक